बाबांचा प्रयोग, आईचा पाय

माझे बाबा खोटं बोलत नाहीत. ऐकायला हे कौतुकाचं वाटतं, पण अशा माणसाबरोबर एका छताखाली राहून बघावं. डोंबिवलीतल्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी घरातली प्रत्येक गोष्ट ते हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान याच क्रमाने करतात. भाजीत मीठ जास्त पडलं तर पाहुण्यांदेखत सांगतात, आणि आईचा चेहरा उतरला की म्हणतात, "निरीक्षण आहे, टीका नव्हे." या खरेपणापायी आईच्या उजव्या पायावर काय पाळी आली, ते लिहायला बसले आहे. लिहिताना अजूनही संताप येतो, आणि नेमका कुणावर काढावा ते कळत नाही.

मधुमेह दोघांनाही. बाबांना आधी झाला, आईला नंतर. "ह्यांना जे होतं ते मला होतंच," असं आई हसून सांगायची. चष्मासुद्धा तिला त्यांच्या मागून लागला होता. डॉक्टर एकच, गोळीही एकच, फक्त डबे दोन. गोळ्या आणायचं काम बाबांचं. आई औषधाच्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते आणि वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. औषधी वनस्पतींचे अर्क तपासणं हे आमचं काम. कारलं, जांभळाच्या बिया, मेथी, विजयसार, गुडमार, मधुमेहावर म्हणून ज्या ज्या पाल्याचं आणि मुळीचं नाव कुणी घेतलं असेल, ते बहुतेक आमच्या बाटल्यांतून गेलेलं आहे. उंदरांना औषध टोचून मधुमेह करायचा आणि मग त्यांचे गट पाडायचे. एका गटाला अर्क, दुसऱ्याला नेहमीची गोळी, तिसऱ्याला नुसतं पाणी. त्या तिसऱ्या गटाकडे बघवत नाही. ते सारखे पाणी पितात, पिंजरा ओला करतात आणि डोळ्यांदेखत सुकत जातात. त्यांच्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही हे मला पाठ आहे, तरी त्यांच्या पिंजऱ्याशी मी गरजेपुरतीच थांबते.

आमचं दुसरं काम म्हणजे बाजारातली चूर्णं तपासणं. 'मधुमेह मुळापासून बरा' असं डब्यावर छापलेलं असतं, आणि आत जडीबुटीच्या नावाखाली डॉक्टरी गोळीच कुटून घातलेली सापडते. शुगर उतरते ती गोळीमुळे, आणि वाहवा होते पाल्याची. असे डबे आले की आम्ही हसायचो. आता हसत नाही.

मी दर रविवारी डोंबिवलीला जाते. अशाच एका रविवारी जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, "तुमच्या त्या गुडमारचं काय झालं?"

"उंदरांची शुगर उतरते. पण थोडीच."

"उंदरांना पाल्याबरोबर गोळीही देता?"

"नाही. दोन्ही एकदम दिलं तर कशामुळे उतरली ते कसं कळणार?"

"बरोबर," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला. "मग लोक दोन्ही एकदम का घेतात? श्रेय कुणाचं ते कळणार कसं?"

मी सावध झाले. "बाबा, माणसांवर असं करत नाहीत. गोळी चालू ठेवतात आणि वरून पाला देतात. तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली."

"म्हणजे उंदरांना शुद्ध विज्ञान आणि माणसांना भेसळीचं."

पुढच्या रविवारी सगळं ठरलेलंच होतं. ते फक्त गुडमारचा काढा घेणार, गोळी बंद. आईने तिच्या गोळ्या चालू ठेवायच्या. घर एक, स्वयंपाक एक, वयात फारसा फरक नाही, चालणंही बरोबरच. "अशी जोडी प्रयोगाला मिळत नाही," ते म्हणाले. आईने विचारलं, "मला काय करायचंय?" "तुला काहीच करायचं नाही," बाबा म्हणाले. "काढा तेवढा उकळून दे." आई म्हणाली, "बरं."

मी भांडले. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, नवऱ्याला मध्ये घातलं, शेवटी रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. उरलेल्या गोळ्या पुढ्यात राहिल्या तर मोह होईल म्हणून त्यांनी त्या औषधवाल्याला नेऊन दिल्या. हा औषधवाला त्यांचाच विद्यार्थी. डोंबिवलीत निम्मे दुकानदार त्यांचे विद्यार्थी आहेत, आणि कुणी काय घेतलं ते सरांना सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

बाजारातलं भलतंसलतं चूर्ण पोटात जाण्यापेक्षा निदान खरा पाला जावा, म्हणून तो मीच द्यायला लागले. बाळकुमच्या एका आजोबांच्या कुंपणावर गुडमारचा वेल आहे, आमची प्रयोगशाळाही तिथूनच पाला आणते. आजोबांची भातशेती आणि मिठागरं केव्हाच गेली. तिथे टॉवर उभे राहिले आणि त्यात त्यांचे स्वतःचे फ्लॅट आहेत, पण जुन्या घरामागचा वेलाचा तुकडा त्यांनी बिल्डरला दिला नाही. पाला चावून वर साखर खाल्ली की ती वाळूसारखी लागते, हा खेळ ते येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवतात. बाबांनी गोळी सोडल्याचं मी सांगितलं तेव्हा ते चमकले आणि कारण विचारू लागले. "गोली कनाला सोरली? मी पाला बी खातंय न् गोली बी घेतंय. शुगर उतरली म्हंजे झाला." हे मी बाबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "हा अवैज्ञानिक दृष्टिकोन आहे."

स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांनी शाळेतला जुना फळा टांगला आणि खडूने दोन रकाने आखले, एक पाला आणि दुसरा गोळी. रोज सकाळी दोघांची बोटं टोचायची आणि आकडा खाली लिहायचा. सुरुवातीला बाबांचा आकडा असा चढला की माझी झोप उडाली. त्यांना भोवळ यायची, तोंड कोरडं पडायचं, तरी म्हणायचे, "धीर धर. पाला हळू काम करतो." आई फळ्याकडे बघायची आणि काढा उकळायला ठेवायची.

आणि मग आकडा उतरायला लागला.

आधी थोडा आणि मग झपाट्याने. बाबा पुन्हा ताजेतवाने दिसू लागले. संध्याकाळच्या कट्ट्यावर त्यांनी सगळ्यांना पाला चावायला लावून साखर खायला घातली आणि वर व्याख्यान दिलं. त्यांच्या शब्दावर दोघातिघांनी गोळ्या सोडल्या. मी चक्रावले. आमच्या उंदरांत या पाल्याने एवढी करामत कधी दाखवली नव्हती. पण समोर फळा होता, आणि लिहिणारा माणूस खोटं लिहिणारा नव्हता.

गोळीच्या रकान्यात मात्र आकडा चढत होता. आई सुकत चालली. ब्लाऊज ढगळ झाले. तांब्यावर तांबे पाणी प्यायची आणि सारखी उठायची. एका लग्नासाठी घेतलेल्या नव्या चपलेने तिच्या उजव्या अंगठ्याशी फोड आला, तो फुटला, आणि जखम भरेना. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या वेळेवर घेता का, असं त्यांनी विचारलं. आई हो म्हणाली. बाबा म्हणाले, "माझ्यासमोर डब्यातून काढते, मी साक्षी आहे." डॉक्टरांनी डोस वाढवला.

डोस वाढला आणि बाबांची शुगर आणखी उतरली.

तेव्हा आम्हा तिघांपैकी दोघांना त्यात काहीच दिसलं नाही. तिसरी बोलत नव्हती. बाबांनी तर माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत सांगितलं, "बघ. गोळी हरते आहे. हिलाही पाल्यावर आणावं म्हणतो." आई चटकन म्हणाली, "नको नको, मला गोळीच बरी." तिचा एवढा ठाम आवाज मी फार क्वचित ऐकला होता.

जखम काळी पडू लागली. खोलीत शिरलं की वास यायचा आणि आई उदबत्ती लावायची. तिच्या पायाची पट्टी बदलताना मी देवाला, डॉक्टरांना, त्या चपलेला, सगळ्यांना शिव्या दिल्या आहेत. पाय वाचवायचा असेल तर आता इन्सुलिन हवंच, गोळ्या बंद करून सरळ इन्सुलिन, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. आई नाही म्हणाली.

"मला सुईची भीती वाटते."

मी म्हटलं, "आई, रोज बोट टोचून घेतेस. शाळेतल्या रक्तदान शिबिरात पहिली जाऊन आडवी व्हायचीस. भीती कसली?"

"ती सुई वेगळी."

मी हात जोडले. पाय जाईल म्हणून सांगितलं. स्पष्टच सांगितलं, कापावा लागेल. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "होईल गं बरं. गोळ्यांनीच होईल." मी तिच्यावर ओरडले. घराच्या बाहेर जिन्यात उभी राहून रडले. माझा दिवस शुगर उतरवण्यात जातो, आणि सख्ख्या आईची शुगर मला उतरवता येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग एका संध्याकाळी बाबा कट्ट्यावर कोसळले. घामाने चिंब, हातपाय थरथरत, बोलणं असंबद्ध. कुणीतरी तोंडात साखर घातली तशी पाच-दहा मिनिटांत ते उठून बसले. माझ्याशी फोनवर बोलताना त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "शुगर इतकी खाली गेली, की चक्क भोवळ! पाल्यात केवढं सामर्थ्य आहे!"

असं कोसळणं मला ओळखीचं होतं. आमच्याकडचे उंदीर असे कोसळतात ते गोळीच्या गटातले. पाल्याच्या गटातला एकही मी तसा पडलेला पाहिला नव्हता.

त्या रविवारी बाबांच्या पेल्याच्या तळाशी उरलेला काढा मी बाटलीत ओतून घेतला. शेजारी पिशवीत पाला होता, तोही मूठभर घेतला. सोमवारी वागळे इस्टेटला पोचल्यावर दोन्हींचे थेंब काचेच्या प्लेटवर शेजारी शेजारी ठेवले. तिसरा थेंब खऱ्या गोळीचा, भेसळ तपासताना ठेवतो तसा. प्लेट द्रावणात उभी केली की प्रत्येक घटक आपापल्या उंचीपर्यंत चढतो. दिव्याखाली प्लेट धरणारी माझी सहकारी म्हणाली, "मॅडम, हे कुठलं चूर्ण आहे? यात तर सरळ गोळी टाकलीये. बघा ना, लाइनीत आलेत ठिपके." पाल्याच्या थेंबात ते ठिपके नव्हते. काढ्यात होते. यंत्रावर घालून बघितलं, तिथेही तेच उत्तर आलं.

वेलावरून पाला माझ्या पिशवीत येत होता आणि पिशवीतून आईच्या ओट्यावर जात होता. मधे दुसऱ्या कुणाचा हातच नव्हता. मी खुर्चीवर बसले. समोरच्या रॅकवर तिसऱ्या गटाचा पिंजरा होता. त्यातला एक उंदीर नळीला तोंड लावून पाणी पीत होता, पीतच होता, आणि मला तांब्या तोंडाला लावलेली आई दिसली. मी तशीच निघाले आणि दुपारी डोंबिवलीला पोचले.

आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, दुखरा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून. गॅसवर काढा उकळत होता. मांडीवर वेलदोडे कुटायचा छोटा खलबत्ता. मी आत डोकावून बघितलं. पांढरी पूड.

"आई, ही तुझी गोळी आहे."

तिने दाराकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं. "हळू बोल. ह्यांना सांगू नकोस."

"किती दिवस चाललंय हे?"

"त्यांना भोवळ यायला लागली तेव्हापासून. डोळे बघितले नव्हतेस त्यांचे? खोल गेले होते." मग घाईघाईने, मी ओरडायच्या आत, "दुकानातून दुसऱ्या आणवल्या असत्या, पण तो यांचा विद्यार्थी. संध्याकाळच्या आत यांना कळलं असतं. आणि तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी भांडली असतीस. त्यांनी काढाच बंद केला असता, मग गोळी घालायची कशात?"

"आणि तू? तुझं काय?"

"मला काय होतंय?" आई म्हणाली. स्टुलावर तिचा पाय होता, पट्टीतून काळा पिवळा झालेला, आणि ती म्हणत होती, मला काय होतंय. आयुष्यभर ती अशीच जेवली आहे, आधी सगळ्यांना वाढून, मग पातेल्यात काय उरलंय ते बघून.

मागे आवाज झाला. बाबा दारात फळ्याला टेकून उभे होते. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्यांच्या सदऱ्याला खडूचा पट्टा लागला होता. आई अपराधी चेहऱ्याने त्यांना म्हणाली, "तुमचा प्रयोग बिघडवला हो मी."

बाबांनी गॅस बंद केला, तिच्या मांडीवरचा खलबत्ता उचलून ओट्यावर ठेवला, आणि तिला उठवायला दोन्ही हात पुढे केले.

त्याच दुपारी आम्ही तिला इस्पितळात नेलं. रिक्षात बाबा फोनवर कट्ट्यावरच्या एकेकाला सांगत होते, "गोळी सुरू करा. आत्ता, लगेच. माझं चुकलं होतं." कारण कुणालाच सांगत नव्हते, नुसतं तेवढंच पुन्हा पुन्हा. आई त्यांच्या खांद्याला टेकून बसली होती.

वॉर्डात नर्स इन्सुलिन घेऊन आली. आईने न सांगता पदर बाजूला केला आणि सुई टोचली जाईपर्यंत नर्सशी तिच्या गावाबद्दल बोलत राहिली. पापणीसुद्धा लवली नाही. बाबा बघत होते.

"तुला तर सुईची भीती वाटत होती," ते म्हणाले.

"भीती कसली हो. सुई चालू केली असती तर गोळ्या बंद झाल्या असत्या. मग तुमच्या काढ्यात काय घातलं असतं?"

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. इन्सुलिनच्या नावाने मी तिच्यावर ओरडले होते तो प्रत्येक शब्द मला आठवत होता, आणि त्या प्रत्येक वेळी ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती.

पुढचे दिवस नुसते आशा लावण्यात गेले. शुगर आटोक्यात आली, ताप उतरला, आणि पाय वाचेल असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात काळेपणा वर सरकला. सर्जन तरुण होता, मऊ बोलायचा. उशीर झाला आहे, आता जीव वाचवायचा की पाय ते बघा, असं त्याने सांगितलं. मी त्याला दुसरा उपाय विचारला, मग तिसरा विचारला. आमच्या कामाबद्दल सांगितलं, जखम भरून आणणाऱ्या वनस्पतींची नावं घेतली. तो शांतपणे ऐकत राहिला. मलाच माझी लाज वाटून मी गप्प झाले. मग त्याने आईच्या पोटरीवर, गुडघ्याच्या खाली, निळ्या पेनाने रेघ मारली. आईने मान उचलून ती रेघ बघितली आणि म्हणाली, "बरं."

शस्त्रक्रिया झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या पलंगाशी होतो. गुंगी पूर्ण उतरली नव्हती. उजव्या बाजूला चादर गुडघ्याच्या थोडं खाली टेकडीसारखी उंच होती आणि त्यापुढे एकदम सपाट. बाबा त्या सपाट भागाकडे बघत नव्हते. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, फक्त आईने निघताना बजावलं होतं म्हणून गोळी घेतली होती.

आईने डोळे किलकिले केले.

"अहो."

"मी इथेच आहे."

"माझ्या अंगठ्याला खाज येतेय. उजव्या."

पाय गेला तरी तो असल्यासारखा वाटत राहतो, हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत असणार. हे शरीर, त्यातल्या नसा, मेंदू, सगळं त्यांनी पोरांना फळ्यावर काढून शिकवलेलं. आता ते खरं सांगतील, मला वाटलं. निरीक्षण म्हणून सांगतील.

बाबा खुर्चीवरून उठले. पलंगाच्या पायथ्याशी गेले. चादर जिथे सपाट होती तिथे वाकून, जिथे अंगठा असायला हवा होता तिथे, त्यांनी नखांनी हळूहळू खाजवलं.

"इथे?"

"थोडं वर."

त्यांनी हात थोडा वर नेला.

"बरं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली. "आता बरं वाटलं."